मंडळ चालू आहे का?

“इथं मंडळाचं ऑफिस कुठंय हो?”

“कुठल्या? गणपतीच्या का भजनी?”

चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसलेला तो माणूस हे इतक्या शांतपणे म्हणाला, की तो चेष्टा करतोय का खरंच विचारतोय, ते मला कळेना. बेल्ह्याचा बैलबाजार भरात आला होता. टेम्पोतून बैल उतरत होते, भुरभुर पाऊस लागून राहिला होता आणि माझ्या एका चपलेचा अंगठा नुकताच चिखलात तुटला होता.

“राज्य ओढकाम-पशू शक्तिमापन मंडळ,” मी एका दमात म्हणाले.

त्यानं हातातला कप खाली ठेवला. “अरे बापरे! अख्खं नाव घेतलंत. मलाबी मधे थांबावं लागतं.”

“म्हणजे माहितीय तुम्हाला?”

“त्ये बघा, लिंबाखालची पत्र्याची शेड. बंद हाय पन.”

“आत्ता बंद आहे, की कायमचं?”

“आत्ता. साहेब चहाला गेलेत.”

“कधी येतील?”

“तुमी म्हणाल तवा.” तो उठला, खिशातून किल्ली काढली. टपरीवाल्या बयाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. “त्योच हाय गं साहेब,” त्या मला म्हणाल्या. “दुसरा कुनी न्हाईच तिथं.”

मला खरं तर राग यायला हवा होता. पण मी इतकी दमले होते, की राग यायलाही जोर लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

नावापुरतीच उरलेली मंडळं आणि आयोग बंद करायचे, असं सरकारनं ठरवलं होतं. त्यातलं कुठलं खरंच मेलंय आणि कुठलं नुसतं झोपलंय, हे जागेवर जाऊन बघायला पुण्याच्या एका संस्थेनं आम्हा काही पदवीधरांना कंत्राटावर घेतलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकलेली, गाव महाळुंगे पडवळ. म्हणून जुन्नर-आंबेगाव माझ्या वाट्याला. एका आयोगाच्या कार्यालयात कुणीतरी कांदा भरून ठेवला होता. एका मंडळाचा फलक नवा कोरा रंगवलेला, पण आतल्या खुर्चीत मांजर व्यालेलं. दर ठिकाणी तेच प्रश्न, तीच कुलपं. संध्याकाळी एसटीच्या खिडकीला डोकं टेकलं की वाटायचं, दिवसभर आपण मेलेल्यांची नाडी बघत फिरलो.

शेडमध्ये एक टेबल होतं, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी मोठं. त्या माणसाचं नाव सुदर्शन. येडगावचा. वडील याच मंडळात होते, नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागी याला घेतलं.

“शेवटची बैठक कधी झाली?”

“वडील सांगायचे, पेढे व्हते तवा.”

“अध्यक्ष?”

“खुर्ची हाय.”

“तुमचं काम काय असतं?”

यावर मात्र त्यानं हातातली किल्ली टेबलावर ठेवली. दाराबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “रोज येनं.”

शेतं बैलांनी नांगरली जायची तेव्हाचं हे मंडळ. बाजारात कुणी फसू नये म्हणून बैलजोडीची ओढ मोजून दाखला द्यायचा. मग ट्रॅक्टर आले. दाखला मागायला येणारे कमी झाले, साहेब निवृत्त झाले, शिपाई निवृत्त झाला, आणि सुदर्शन उरला.

“बदली का नाही मागितलीत?”

“मागितली की. सोडायला अध्यक्षांची सही लागती.” तो हसला, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “मंडळ बंद झाल्याबिगर माझी सुटका न्हाई, मॅडम. तुमी आपलं लिवून टाका — बंद. तुमचंबी काम झालं, माझंबी. मग सरकार मला दुसऱ्या खात्यात घेईल.”

“राज्यात कुठंही टाकतील. माहितीय ना?”

“कुठंबी असू दे. काम करून दमलेला मानूस झोपतो तरी. बिनकामाचा दमलेला नुसता पडून ऱ्हातो.”

प्रश्न संपले होते. मी उठायला हवं होतं. पण ते ताडपत्रीखालचं काय आहे, ते बघितल्याशिवाय मला निघवेना… कुतूहल हा माझा जुना आजार. त्यानं ताडपत्री ओढली. आत ताटाएवढ्या तबकडीचा लोखंडी काटा होता. जाड साखळीच्या एका टोकाला बैलजोडी जुंपायची, दुसऱ्या टोकाला दगड लादलेली फळी, आणि मधे हा काटा. जोडीनं जोर लावला की सुई फिरते.

“सुई शून्यावर नाहीये,” मी म्हणाले.

“इतकी वर्षं न हलता कोन शून्यावर ऱ्हातं, राव?”

मला हसू आलं. त्या आठवड्यातलं पहिलंच असावं. मी मागचा स्क्रू शोधला, ओढणीच्या टोकानं गंज पुसला आणि सुई हळूहळू शून्यावर आणली. मान वर केली, तर तो काट्याकडं बघत नव्हता.

“मॅडम… समजा, काम चालू दिसलं. तर काय करता?”

“तर पुढचे काही बाजार येऊन परत बघावं लागतं. तसा नियम आहे.”

“तुमीच येता? का दुसरं कुनी?”

“मीच.”

“असं व्हय,” तो म्हणाला. मग दारात गेला आणि शेजारच्या दुकानाकडं तोंड करून ओरडला, “ओ अमजदभाई! कुनाची जोडी हाय का बगा. काटा लावायचाय!”

*

अमजदभाई जुन्नरचे. कासरे, घुंगरमाळा, म्होरक्या असला बैलांच्या साजाचा माल घेऊन दर सोमवारी शेडशेजारी बसायचे. त्यांनी बाजारभर बातमी केली. पुढच्या सोमवारी मी पोचले, तेव्हा लिंबाखाली ही गर्दी! शर्यतीच्या गाड्याचे मालक आपापली जोडी घेऊन आलेले. बैलाची ताकद आजवर नुसती तोंडानं सांगायची होती. आता आकडा मिळणार होता. सुई चढली की शिट्ट्या, उतरली की टोमणे. “पावणं, बैल हाय का बोकड?” सुदर्शन बाह्या दुमडून साखळी ओढत होता, आकडा पुकारत होता, आणि मधेच गर्दीवरून माझ्याकडं बघत होता. मीही नोंद घेत होते. म्हणजे… आकड्यांचीच.

मग मला सोमवारची वाट बघायची सवय लागली. महाळुंग्याहून नारायणगाव, तिथून आळेफाटा, पुढं वडापची जीप. कंबर मोडायची. तरीही रविवारी संध्याकाळी मी कपड्यांना इस्त्री करायचे आणि आई ते दारातून बघायची.

एकदा पावसानं बाजार आडोशाला गेला. शेडच्या दारातून समोर दोन व्यापारी दिसत होते. दोघांचे हात एका पंच्याखाली, तोंडं मख्ख.

“हे काय करतायत?”

“सौदा. भाव बोलायचा न्हाई, बोटं धरून सांगायचा. म्हंजी भवतालच्यांना कळत न्हाई.”

“दाखवा ना.”

“तुमाला?” तो गोंधळला. मग अमजदभाईंचा नवा पंचा मागून आणला. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. पंच्याखाली त्याचा हात आला — कासऱ्यानं घट्टे पडलेला, कोमट. “हे बगा. बोट धरलं की आकडा. दाबलं की पक्कं. सोडलं की सौदा मोडला.”

“बरं. काय विकताय?”

“सोमवार.”

“किती?”

त्यानं माझं एक बोट धरलं. मग दुसरं. मग तिसरं… हळूहळू सगळाच हात त्याच्या हातात गेला. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की बोलणं शक्यच नव्हतं. मी दाबलं नाही. पण सोडलंही नाही.

“सुदर्शनभाऊ,” बाहेरून अमजदभाईंचा आवाज आला, “रुमाल लई वेळ झाकून ठेवू नये. सौदा बिघडतो. अन् पंचा नवा हाय माझा!”

मी हात काढून घेतला. त्या दिवशी वडाप मिळाला नाही, म्हणून त्यानं मला मोटारसायकलवरून नारायणगावपर्यंत सोडलं. येडगावच्या धरणाजवळ आल्यावर त्यानं गाडी थांबवली. पाणी राखाडी होतं, आभाळ त्याहून राखाडी.

“दमलात?” त्यानं विचारलं.

“रोजच दमते.”

“आज मीबी दमलोय,” तो म्हणाला. “पन येगळं. हात दुखत्यात. बरं वाटतंय.”

एवढंच. आम्ही पाण्याकडं बघत उभे राहिलो आणि मग गाडी पुन्हा सुरू झाली.

*

ठरलेले बाजार संपले. अहवाल द्यायचा होता. माझ्या हातात चांगले आकडे होते — इतक्या जोड्या, इतके दाखले. “चालू” असं लिहिलं असतं, तर कुणी हरकत घेतली नसती. सुदर्शन इथंच राहिला असता. येडगाव ते महाळुंगे म्हणजे काय अंतर आहे? खरं सांगायचं तर मी ते वाक्य मनात लिहूनही टाकलं होतं.

पण एक गोष्ट टोचत होती. माझ्याकडची सगळी निरीक्षणं मी हजर असतानाची होती. मी नसताना काय होतं? प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे सुचलं असतं. मला इतके सोमवार सुचलं नव्हतं… किंवा सुचू द्यायचं नव्हतं.

म्हणून पुढच्या सोमवारी मी न कळवता गेले. ओढणी डोक्यावरून घेतली आणि बयाबाईंच्या टपरीच्या मागच्या अंगानं आले. लिंबाखाली गर्दी नव्हती. काट्यावर ताडपत्री होती. सुदर्शन खोडाला टेकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्यापुढं एक म्हातारा गाडामालक, सावळेरामबाबा, जोडी घेऊन उभा होता.

“साहेब, लई लांबनं आलोय. काटा लावा की.”

“आज न्हाई, बाबा.”

“का? मोडला का काय?”

“मॅडम न्हाईत.”

“मंग?” बाबांना काही उमजेना. “ताकद बैलाची मोजायची का मॅडमची?”

बयाबाई खदखदून हसल्या. “बाबा, ती आली की ह्योच जुंपून घेतो सोताला. ती न्हाई तर ह्याचा बैल बसतो!”

मग त्यांनी मागं वळून बघितलं आणि मी दिसले. हसू गेलं. “आगं बया,” त्या हळूच म्हणाल्या.

सुदर्शन उठून उभा राहिला. सावळेरामबाबांनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. “चला रं,” असं बैलांना म्हणत ते निघून गेले. बहुधा बैलांनाही समजलं असावं.

आम्ही शेडमध्ये गेलो. आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, मला वेगळं करता येईना.

“म्हणजे हे बंदच आहे,” मी म्हणाले.

“हाय.”

“मग इतके दिवस ते सगळं — ?”

“काम दिसलं तर परत यावं लागतं, असं तुमीच म्हनला व्हता.” तो टेबलाकडं बघत बोलत होता. “मी रोज दाढी करून येतो, मॅडम. कुनी बगनार न्हाई हे ठाऊक असून. इतक्या वर्षांत तुमी पयल्या, ज्यांनी इचारलं — तुमचं काम काय. मला सांगता आलं न्हाई. लाज वाटली. म्हनलं, एकदा तरी दावावं काम करून. मग तुमी परत आला. मग म्हनलं, अजून एकदा…”

“मी ‘चालू’ लिहिलं तर तुम्ही इथंच अडकाल.”

“हां.”

“‘बंद’ लिहिलं, तर कुठं जाल ठाऊक नाही.”

“हां.”

“काय लिहू?”

“मला नका इचारू.” त्याचा आवाज दमलेला होता, पहिल्या दिवशीसारखा. “चालू लिवलंत, तर रोज तुमच्यावर चिडीन अन् रोज तुमची वाट बगीन. दोन्ही एकदम. अन् बंद लिवलंत तर… न्हाई, नका इचारू.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याहून आमचे वरिष्ठ. यादी आजच मंत्रालयात जायची होती. “अक्षदा मॅडम, सगळं नंतर पाठवा. त्या बैलांच्या मंडळाचं एका शब्दात सांगा — चालू की बंद?”

मी सुदर्शनकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. वय काही फार नव्हतं त्याचं, पण त्या शेडमध्ये तो सोडून दिलेल्या वस्तूंपैकीच एक वाटत होता. त्याला तिथं ठेवणं माझ्या एका शब्दावर होतं. ते मला हवंही होतं. फार हवं होतं.

“बंद,” मी म्हणाले.

फोन ठेवला.

“बरं झालं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात बरं काहीच नव्हतं.

*

निर्णय झाला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर यादी आली, मी ती एसटीत वाचली. पुढं माझंही कंत्राट संपलं. सुदर्शनचा फोन आला नाही. मीही केला नाही. ज्याचं ऑफिस आपण बंद पाडलं, त्याला फोन करून काय विचारायचं? जेवलात का?

सोमवार येत राहिले. मी घरीच असायचे. मंचरच्या एका क्लासमध्ये शिकवायची बोलणी चालली होती. कशातच जीव नव्हता, पण तसं कुणाला सांगण्याइतकी ताकदही नव्हती.

दिवाळी होऊन गेली. आम्ही अंगणात लावणीसाठी बटाट्याचं बेणं कापत बसलो होतो, दर फोडीला कोंबाचा एक तरी डोळा राहील असं — माझे वडील आबा, आई आणि मी. फाटकाशी मोटारसायकल थांबली.

“पावणं कुठलं?” आबांनी बसल्या जागेवरून विचारलं.

“येडगावचा, आबा. सुदर्शन. आमचं मंडळ ह्यांनी… तपासलं व्हतं.”

माझ्या हातातला बटाटा खाली पडला. आईनं तो उचलून परत माझ्या हातात दिला.

“या, बसा. नोकरी तिथंच का?”

“तिथली संपली. आता हाय, पन कुठं ते म्हाईत न्हाई. आदेश यायचाय.”

“मंग आत्ता?”

“आत्ता काहीच न्हाई,” तो म्हणाला. “टेबल न्हाई, साहेब न्हाई, हजेरी न्हाई. म्हनून तर आलो.”

आबांना हे उत्तर चमत्कारिक वाटलं असणार. ते पुढचं पोतं आणायला गोठ्याकडं गेले. आई चहाचं निमित्त करून आत गेली. जाताना तिनं माझ्याकडं असं बघितलं, की रविवारची सगळी इस्त्री तिला ठाऊक होती हे मला कळलं.

सुदर्शन माझ्यापुढं उकिडवा बसला. त्यानं आबांचा विळा घेतला आणि बटाटा कापायला लागला.

“रागावलात ना माझ्यावर?” मी विचारलं.

“पयल्यांदा रागावलो. मग झोप लागायला लागली.” त्याचा चेहरा खरंच वेगळा दिसत होता. दमलेला होताच, पण लांबचा रस्ता चालून आलेला माणूस दमतो तसा. “चालू असतो, तर अजून तिथंच लिंबाखाली बसलो असतो. तुमाला बगायला तुमाला बोलवावं लागलं असतं. आज सोता आलो.”

“आदेश कधी येणार?”

“पुढच्या आठवड्यात.”

“मग तो आल्यावर यायचं. काहीतरी सांगता तरी आलं असतं आबांना.”

“न्हाई.” त्यानं मान हलवली. “जवळचं गाव आलं असतं, तर तुमी गावाकडं बगून व्हय म्हनला असता. लांबचं आलं असतं, तर मलाच इचारायचा धीर झाला नसता. म्हनून मधेच आलो. आत्ता माझ्याकडं दुसरं काही न्हाई. नुसता मी हाय. एवढ्यावर… व्हय का न्हाई, सांगता का?”

एवढ्या माहितीवर निष्कर्ष काढता येत नाही, असं मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं.

“फार लांब असलं तर?”

“असंल.”

“तिथं मला काम मिळेल की नाही, कोण जाणे.”

“मलातरी कुठं ठाऊक हाय, मला काय काम देतात.”

“कंटाळा येईल. भांडू आपण.”

“भांडू की.” त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं. “पन अक्षदा, येगळ्या येगळ्या गावात बसून भांडनं लई महाग पडतं.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. मी माझा विळा बाजूला ठेवला.

“हो,” मी म्हणाले.

“काय, हो?”

“सगळ्यालाच.”

त्याच्या हातातला बटाटा अर्धा कापून तसाच राहिला. तो काहीतरी बोलणार होता, तोच आबा पाठीवर पोतं घेऊन आले. पोतं टाकलं, घाम पुसला.

“मग पावणं, कुठला आदेश येईल असं वाटतं?”

“कुठलाही येऊ दे, आबा,” मी म्हणाले. “आम्ही जाऊ.”

आबा थांबले. माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग दारात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या आईकडं. तिनं नुसती मान हलवली. आबा खाली बसले. मग नव्या पोत्यातलं बेणं पाटीत ओतलं आणि ती पाटी सुदर्शनपुढं सरकवली.

“जावा,” ते म्हणाले. “पन ह्ये संपवून. अन् डोळा राखून कापा, राव. तुमी निम्मं बेणं वाया घालवलंय.”